फौजदार, सुतळी आणि आम्ही दोघं

तो पहिल्यांदा माझ्या दुकानात आला तेव्हा मला वाटलं, बिचाऱ्याचं कोणीतरी जवळचं गेलंय.

दुपारची वेळ होती. बाहेर वारा सुटलेला, पावसाची नुसती भुरभुर. चष्म्याची मोडलेली काडी हातात धरून तो आत आला, काउंटरसमोरच्या स्टुलावर बसला, आणि मी योग्य मापाचा स्क्रू शोधेपर्यंत त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. आवाज नाही, हुंदका नाही... नुसतं पाणी. चांगला उंचापुरा, तिशीतला माणूस, आणि लहान मुलासारखं मनगटानं डोळे पुसतोय!

मी कागदी रुमालांचा डबा हळूच पुढे सरकवला.

"होतं असं," मी म्हणाले. "रडून घ्या. मन मोकळं झालं की बरं वाटतं."

त्यानं चमकून वर पाहिलं. "अं?"

"पण गेलेल्या माणसासाठी किती त्रास करून घ्यायचा, यालाही मर्यादा असते."

"कोण गेलं?"

"मला काय माहीत! तुम्हीच रडताय."

तो हसायला गेला आणि शिंकला. एक, दोन, तीन... सलग सात शिंका. सातवीला स्टुलाखालून फौजदार बाहेर आला, झोपमोड झाल्याबद्दल आम्हा दोघांकडे रागानं बघितलं आणि शेपटी ताठ करून मागच्या खोलीत निघून गेला.

फौजदार म्हणजे आमचा बोका. एका डोळ्यानं अधू. चष्म्याच्या दुकानात एकाक्ष बोका, म्हणून गिऱ्हाइकं हसायची. त्याच्या मागे मागे करणारी बारीक, पट्ट्यापट्ट्यांची मांजर होती सुतळी. दोघं खरं तर आईची. आई गेली त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात बाबा मला म्हणाले, "यांना घेऊन जा बाई. ही दोघं दिवसभर दाराकडे बघत बसतात, आणि मग मीही बसतो." मी दोघांना दुकानामागच्या माझ्या दोन खोल्यांत आणलं. बाबा रोज दुकानात येत, मागच्या बाकावर बसून काचा घासत. पण मांजरं पायाशी आली की पाय वर घेत, खाली बघत नसत. मी कधी काही बोलले नाही. प्रत्येकाचं दुःख प्रत्येकाच्या मापाचं.

तर त्या दिवशी त्यानं मांजराबद्दल चकार शब्द काढला नाही. काडी बसवून घेतली, "आभारी आहे" म्हणाला आणि गेला. आवाज मात्र लक्षात राहिला. घसा बसलेला असूनही गोड होता.

चार दिवसांनी परत हजर. काडी पुन्हा निखळली होती. मग आठवड्यानं पुन्हा. दर वेळी तेच डोळ्यांना पाणी, तेच नाक लाल.

"आज काय?" मी चौथ्या वेळी विचारलं.

"आज... जरा जास्तच दिसतंय."

"जास्त?"

"म्हणजे... तुम्ही फारच स्पष्ट दिसताय. नंबर तपासून घ्यावा म्हटलं."

मागच्या बाकावरून बाबांचा खोकला ऐकू आला. त्यांना खोकला झालेला नव्हता.

तो गेल्यावर बाबा म्हणाले, "ओळखलंस का? दुपारी एकच्या बातम्या देतो तो रेडिओवर. शेवटी हवामान सांगतो ना, तो." तेव्हापासून घरात त्याचं नाव पडलं, 'तुझे रेडिओवाले'.

पाचव्या वेळी रेडिओवाले आत आलेच नाहीत. फुटपाथवर उभे राहून काचेतून मला हात केला.

"आत या ना," मी दार उघडून म्हणाले.

"नको, इथंच बरं आहे. हवा छान आहे."

हवा इतकी छान होती की समोरच्या दुकानाची पाटी वाऱ्यानं उडायच्या बेतात होती!

बाबांनी हातातली काच खाली ठेवली. "अगं, बाहेर असला की त्याचे डोळे कोरडे असतात. आत आला की पूर येतो. सहा वर्षं तुला काचा शिकवल्या, नजर काही आली नाही तुला."

मी तशीच बाहेर गेले.

"तुम्हाला मांजरांचा त्रास होतो?"

"मांजरांचा असा नाही... त्यांच्या केसांचा, लाळेचा..." तो खाली बघत म्हणाला. "म्हणजे, मांजरांचाच."

"आणि ती शीळ वाजते श्वासात, ती?"

"दमा. लहानपणापासूनचा सोबती."

"मग वेड लागलंय का तुम्हाला? इतक्यांदा आत कशाला आलात?"

"काडी मोडली होती."

"तीन-चार वेळा?"

"पहिल्यांदा खरंच मोडली होती."

"आणि नंतर?"

त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. "नंतर... मी मोडली."

फुटपाथवर उभी राहून नुसती हसत होते, आणि आत दुकानात एक बाई नाकावर तपासणीची फ्रेम घेऊन माझी वाट बघत बसली होती.

मग आम्ही बाहेरच भेटायला लागलो. नदीकाठी झाडाखाली एक लोखंडी बाक होता. मी न्हाऊन, कपाटातले धुतलेले कपडे घालून जायची, तरी एखादा केस कुठून तरी यायचाच. तो केस चिमटीत धरून हा वाऱ्यावर सोडून द्यायचा आणि म्हणायचा, "फौजदारांनी पहारा ठेवलाय." कधी दुपारी फोन यायचा, "उद्या संध्याकाळी सहा ते सात आकाश निरभ्र. भेटीला अनुकूल." त्याचे हवामानाचे अंदाज चुकायचे, पण या बाबतीत एकदाही चुकले नाहीत.

त्याच बाकावर त्यानं विचारलं. सरळ नाही, आढेवेढे घेत, मध्येच थांबत...

"मी काय म्हणत होतो... आपण लग्न करायचं का?"

"आणि मांजरं?"

"त्यांचंही वय झालंय का लग्नाचं?"

"थट्टा नको."

तो गंभीर झाला. "तुझ्या आईची आहेत ती. त्यांना सोडून ये, असं म्हणायला माझी जीभ रेटणार नाही. औषधं आहेत, उपाय आहेत. करू काहीतरी."

मी त्याला दुसऱ्यांदा विचारायला हवं होतं. नाही विचारलं. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, तसं झालं होतं माझं. मिळालेलं परत तपासून बघायची हिंमत कोणाला असते?

छातीच्या डॉक्टरीणबाईंनी मात्र स्पष्ट सांगितलं, "माझं ऐकाल तर मांजरं घरात नकोत. ऐकणार नसाल तर निदान हे करा." आणि त्यांनी नियम लिहून दिले. लग्न होऊन तो माझ्या दोन खोल्यांत राहायला आला, आणि आम्ही ते पाळले. निजायच्या खोलीत मांजरांना बंदी. गालिचा काढून टाकला. चादरी दर आठवड्याला उकळत्या पाण्यात. हवा गाळणारं एक यंत्र आणलं, ते कोपऱ्यात म्हातारीसारखं पुटपुटत बसायचं. मी दोघांना ओल्या फडक्यानं पुसायची, तेव्हा फौजदार माझ्याकडे असा बघायचा, जणू मी त्याची अब्रू घेतेय.

गंमत म्हणजे, घरात तीन माणसं येत-जात. त्यांतल्या ज्याला मांजरं चालत नव्हती, त्याच्यावरच त्यांचा जीव! माझ्याकडे ढुंकूनही न बघणारा फौजदार याच्या बुटात डोकं खुपसून झोपायचा. सुतळी बंद दाराशी बसून बारीक आवाजात गाऱ्हाणं सांगायची. आणि हा दाराच्या फटीशी वाकून तिला समजवायचा, "बाईसाहेब, माझाही नाइलाज आहे हो..."

"कसं वाटतंय आज?" मी रोज विचारायची.

"मस्त," तो रोज सांगायचा.

पोट भरायचंच आवाजावर, त्याला आवाज सांभाळणं काय अवघड! मला ते कळायला सव्वा वर्ष लागलं.

त्या दुपारी दुकानात एक शिक्षिका डोळे तपासायला बसल्या होत्या. फळीवर रेडिओ लावलेला. एकच्या बातम्या संपत आल्या होत्या. "उद्या दुपारनंतर वाऱ्याचा वेग..." तो म्हणाला, आणि थांबला.

दुसऱ्या कोणाला वाटलं असतं, कागद उलटतोय. मला तशी शंकाही आली नाही. मी हातातलं भिंग खाली ठेवलं.

"...वेग..." पुन्हा आवाज आला. त्यामागे शीळ होती, बारीक, फाटक्या कापडासारखी. मग काहीतरी आपटलं. आणि मग एकदम वाद्यांचं संगीत सुरू झालं.

मागच्या बाकावर बाबांचं काचा घासायचं चाक थांबलं. "जा," ते म्हणाले. "दुकान मी बघतो. जा तू."

मी पोचले तेव्हा त्याला इस्पितळात आणलं होतं. त्याच्याबरोबर बातम्या देणारी बाई सोबत आली होती, तिनं माझा हात धरून मला पलंगापर्यंत नेलं. तोंडावर मुखवटा, त्यातून वाफ येतेय, खांदे कानापर्यंत वर चढलेले. मला बघून त्यानं दोन बोटं हलवली आणि मुखवट्याआडून म्हणाला, "वाऱ्याचा वेग... आता... कमी आहे."

मी हसले नाही. कागदपत्रं शोधायला त्याची पिशवी उघडली, तर तळाशी तोंडात मारायच्या औषधाचे तीन पंप. तिन्ही रिकामे. चौथा अर्धा.

"हे किती दिवसांतले?"

त्यानं डोळे मिटले. "दीड महिना."

"आणि मला रोज 'मस्त' सांगत होतास."

"खरं सांगितलं असतं, तर तू त्यांना देऊन टाकलं असतंस."

"हो. टाकलं असतं."

"म्हणूनच." तो दम घेत घेत बोलत होता. "मग बसली असतीस... रिकाम्या कोपऱ्याकडे बघत. तुझ्या बाबांसारखी. मला... बघवलं नसतं."

"आणि मी तुझ्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसले असते, ते चाललं असतं तुला?"

पण जाब विचारणारी मी तरी कोण? सव्वा वर्ष मी एकाच पलंगावर त्याच्या शेजारी झोपत होते. शीळ मलाही ऐकू येत होती. 'मस्त' ऐकायला बरं वाटायचं, म्हणून मी 'मस्त'वर विश्वास ठेवत होते. लपवत तो एकटाच नव्हता.

डॉक्टरीणबाई आल्या, तेव्हा त्यांनी आम्हा दोघांनाही फैलावर घेतलं. "पुढच्या वेळी इतक्या वेळेत इथं पोचालच याची खात्री मी देणार नाही. हा माणूस आणि मांजरं एका छपराखाली राहणार नाहीत. कळलं?"

"कळलं," मी म्हणाले.

"पण..." मुखवट्याआडून आवाज आला.

"तू गप्प बैस!" आम्ही दोघी एकदमच म्हणालो.

इस्पितळातून तो परस्पर माझ्या नणंदेकडे गेला, आणि मी मांजरांसाठी घर शोधायला लागले. शेजारच्या शिंपीणबाईंना फक्त सुतळी हवी होती. एका संध्याकाळी मी तिला तिकडे पोचवलं, तर इकडे फौजदार दाराला पाठ लावून बसला आणि ताटलीला तोंड लावेना. तिकडे सुतळी टाहो फोडतेय. दुसऱ्या दिवशी परत आणली. एक जोडपं आलं, त्यांनी फौजदाराचा मिटलेला डोळा पाहिला आणि "फोन करतो" म्हणून गेले ते गेलेच. अकरा जणांना विचारलं. बाबांना विचारलं नाही. ज्यांनी ती दोघं डोळ्यांसमोर नकोत म्हणून माझ्या हवाली केली, त्यांना कोणत्या तोंडानं विचारणार?

तीन आठवडे असे गेले. एका रविवारी सकाळी बाबा आले. सुट्टीच्या दिवशी ते कधी येत नसत. हातात झाकणाची मोठी वेताची टोपली.

"कोणाकोणाला विचारलंस?" त्यांनी दारातूनच सुरुवात केली.

"अकरा जणांना."

"आणि मला?"

"बाबा, तुम्हीच तर म्हणाला होतात ना..."

"म्हणालो होतो. बायको जाऊन आठवडा झालेला माणूस काय वाटेल ते म्हणतो. त्याचं काय लोणचं घालायचं?"

ते खाली बसले. गुडघे कुरकुरले. मग तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी हाक मारली, "ये रे, फौजदार."

फौजदारानं लांबूनच मान वाकडी करून बघितलं. सावकाश आला. त्यांची बोटं हुंगली, एकेक करून, सगळी. आणि मग डोकं त्यांच्या तळहातात ठेवून दिलं, जड, आईच्या हातात ठेवायचा तसं. बाबा बराच वेळ स्वतःचा चष्मा पुसत राहिले.

"तुझी आई असती तर तुला रागावली असती," ते म्हणाले. "जावयाचा जीव टांगणीला लावून कसली मांजरं सांभाळतेस, म्हणाली असती. मग मला रागावली असती."

"तुम्हाला कशाला?"

"एवढा उशीर लावला म्हणून."

मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. सुतळी तोपर्यंत आपणहून टोपलीत जाऊन बसली होती.

पण मांजरं गेली म्हणजे झालं असं नसतं. त्यांचे केस, त्यांचा अंश घरात कित्येक महिने राहतो, हे डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. मी पडदे काढले, गादी बदलली, आईच्या वेळची कापडी आरामखुर्ची बाबांकडे पाठवली. भिंती ओल्या फडक्यानं पुसल्या, एकदा नाही, चारदा. दुकानातली प्रत्येक फळी उतरवली. बाबांनी एक डगला दुकानातच ठेवला. आले की घरचा कपडा पिशवीत, डगला अंगावर. मी मांजरांना भेटायला जाऊन आले की तिथंच आंघोळ, तिथंच कपडे बदलणं.

आणि आम्ही दोघं, लग्नाची माणसं, पुन्हा नदीकाठच्या बाकावर चोरून भेटल्यासारखं भेटायला लागलो.

"शोभतं का हे?" नणंद चिडवायची. "लोकांना वाटेल, माझा भाऊ कोणाची तरी बायको फिरवतोय."

त्याला फुंकून श्वास मोजायची एक नळी दिली होती. सकाळ-संध्याकाळ औषध न चुकता घ्यायचं, नळीत फुंकायचं, आणि आकडा मला सांगायचा. खरा आकडा. ती आमची नवी शपथ होती.

"आज चारशे दहा," एका संध्याकाळी तो म्हणाला.

"कालपेक्षा वीस जास्त! मला बघायच्या आधी फुंकलंस की नंतर?"

"आधी. तुला बघितल्यावर मोजण्यात अर्थ नाही, श्वास अडकतो."

"ए... डॉक्टरीणबाईंना सांगेन हं."

कधी आकडा खाली यायचा, तेव्हा तो अपराध्यासारखा बघायचा. "आज तीनशे साठ... आणि शीळही आहे थोडी." मी त्याचा हात हातात घ्यायची. त्या तीनशे साठचं मला किती अप्रूप वाटायचं, त्याला काय ठाऊक! सव्वा वर्षातल्या सगळ्या 'मस्त'पेक्षा ते मोलाचं होतं.

एकदा त्यानं विचारलं, "राग नाही ना येत माझा? तुझ्या आईची एवढी एकच आठवण होती."

"ती आठवण बाबांच्या मांडीवर बसून घोरतेय," मी म्हणाले. "बाबा आता बसून जेवतात, माहितीये? आधी ओट्याशी उभ्यानंच दोन घास ढकलायचे. आता ताटलीसमोर फौजदार बसतो, मग यांनाही बसावं लागतं. तू आजारी पडला नसतास, तर हे झालंच नसतं." मी त्याच्याकडे वळले. "तू सव्वा वर्ष... माझ्यासाठी... असं पुन्हा करायचं नाही. कळलं? पण... थँक यू."

नदीकडे बघत त्यानं माझी बोटं घट्ट धरून ठेवली.

चौथा महिना सरता सरता डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली, नळीतले आकडे पाहिले आणि पहिल्यांदाच हसल्या. "जा घरी. औषध चालू ठेवायचं, आणि काही झालं तर लपवायचं नाही."

तो आला तेव्हा उन्हं कलली होती. हातात एक बॅग. दुकान ओलांडून मागच्या दाराशी आला आणि उंबऱ्यापाशीच थांबला... पाहुण्यासारखा.

"येऊ?"

"स्वतःच्या घरात विचारतोस?"

"भीती वाटतेय."

"मलाही."

तो आत आला. खोली उघडी-उघडी दिसत होती. पडदे नवे, कोपरे मोकळे. मी त्याच्यासमोर उभी राहिले. श्वास रोखून कोणी वाट बघत असेल तर ती मी होते, तो नव्हे. त्यानं नाकानं श्वास घेतला. सावकाश, खोल, अगदी तळापर्यंत. मी कान देऊन ऐकत होते. शीळ नव्हती.

पण तो एकदम गोंधळला. पुन्हा श्वास घेतला. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि मग माझ्या जवळ आला. कानामागच्या केसांपाशी नाक नेलं आणि तिथंच थांबला.

"काय झालं?" मी घाबरले. "त्रास होतोय का?"

"थांब जरा... हा वास कसला आहे?"

"कसला म्हणजे? साबणाचा. केसांच्या तेलाचा. दिवसभर काचा घासते, त्या भुकटीचा..." मला लाज वाटायला लागली. "रोजचाच आहे की."

"रोजचा?"

"इथं राहायला लागल्यापासून तोच साबण, तेच तेल."

तो मागे सरला नाही. त्याचा उबदार श्वास माझ्या मानेवर येत होता, एकसारखा, शांत.

"मला माहीतच नव्हतं गं," तो म्हणाला. "इथं असताना माझं नाक कायम चोंदलेलं असायचं. आणि बाकावर... बाकावर नुसता नदीचा वारा." पुन्हा एक लांब श्वास. "लग्नाला एवढे दिवस झाले, आणि तुझा वास मला आज पहिल्यांदा येतोय."

मी डोळे मिटून तशीच उभी राहिले. बॅग दारातच पडली होती. चहा ठेवायचा होता, नणंदेला पोचल्याचा फोन करायचा होता.

"अजून घेऊ का एक श्वास?" त्यानं विचारलं.

"घे," मी म्हणाले. "हवे तेवढे घे."